नाव तारा ठेवायचंय, पण आई नको म्हणते

मावशी, नमस्कार.

माझ्या भावाला मुलगी झाली. बारसं पुढच्या रविवारी आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी आहे. आत्या मी एकटीच, त्यामुळं कानात नाव मीच सांगणार. दादा-वहिनीनं 'तारा' ठरवलंय. आईला ते अजिबात पसंत नाही. ती म्हणते, तारा नावाच्या बायकांना सुख लागत नाही, ताराराणींना जन्मभर झगडावं लागलं, कैदसुद्धा भोगावी लागली. घरच्या गुरुजींनी त्यात भर घातली: मुलीला नक्षत्राचं नाव ठेवू नये असं शास्त्र आहे, बृहस्पतीची तारा चंद्राकडं गेली होती, आणि बाळाचं रोहिणी नक्षत्र, तेव्हा नाव 'व'वरून पाहिजे. काकांचं वेगळंच. दादा डब्लिनला नोकरीला आहे म्हणून त्यानं इंग्लिश नाव उचललं म्हणतात. वहिनी रोज रडतीय. आईची एक थोरली बहीण तारा नावाची होती, ती लग्नानंतर लवकर वारली, तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. आता आई मला म्हणते, तू कानात 'वाणी' सांगून टाक, पुढचं मी बघते. मी काय करू? आणि या नावात खरंच काही वाईट आहे का?

— पेचातली आत्या, कोल्हापूर

पेचात सापडलेल्या आत्याबाई,

रविवार जवळ आलाय, म्हणून आधी कामाचं. कानात 'वाणी' सांगायचं नाही. आत्याला नाव ऐकवायचा मान असतो, ठरवायचा नसतो. पाळण्याखालून वरवंटा फिरवायचा, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणायचं, बाळाच्या कानाशी वाकून कुर्र करायचं आणि पाठीवर बायकांचे धपाटे खायचे, एवढंच तुझं काम. ऐन वेळी दुसरं नाव फुंकलंस तर आई दोन दिवस खूश राहील आणि वहिनी पुढं प्रत्येक लग्नकार्यात तो प्रसंग सांगत राहील. 'पुढचं मी बघते' म्हणणाऱ्या माणसाला पुढचं कधी बघावं लागत नाही, ते मधल्यालाच निस्तरावं लागतं. इथं मधली तू आहेस.

आता नावाकडं वळू.

आईनं ताराराणींचा दाखला दिला, तोही कोल्हापुरात बसून, याची मला गंमत वाटली. कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेल्या त्या बाईला वळसा घातल्याशिवाय पुण्याकडून येणारा माणूस गावात शिरत नाही. मुलींच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थेला ताराराणी विद्यापीठ म्हणायचं, महापालिकेच्या राजकारणात ताराराणी आघाडी काढायची, जमलं तर ताराबाई पार्कात बंगला घ्यायचा, आणि पाळण्यात मात्र ते नाव नको?

तिच्या आयुष्याबद्दल आई म्हणते ते निम्मं खरं आहे, म्हणून उरलेलं निम्मंही सांगते. ताराबाई कराडजवळच्या तळबीडच्या, सरनोबत हंबीरराव मोहित्यांची लेक. जन्म 1675 चा. सासू सोयराबाई म्हणजे तिची सख्खी आत्या. आपल्याकडं मामाची मुलगी करायची पद्धत आहे ना, तसंच. मार्च 1700 मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले तेव्हा ती पंचविशीत होती आणि मुलगा लहान होता. समोर औरंगजेब स्वतः फौज घेऊन दख्खनेत ठाण मांडून बसलेला. त्यानं सातारा घेतला, 1701 मध्ये पन्हाळा घेतला, मग विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. पुष्कळ ठिकाणी किल्लेदाराला पैसे मोजून घेतले. इकडं ताराबाईनं मुलाला गादीवर बसवलं, कारभार हातात घेतला आणि मराठ्यांच्या फौजा थेट माळव्यात, गुजरातेत पाठवल्या. बादशहा एक किल्ला घेऊन पुढं सरकला की मागचा परत मराठ्यांकडं. असं सात वर्षं चाललं आणि 1707 मध्ये तो अहमदनगरजवळ मेला तो दिल्ली न बघताच. खाफीखान हा मुघलांच्या बाजूचा इतिहासकार, त्यानंही तिच्या अकलेची आणि कारभाराची तारीफ केलीय. आणि त्या काळच्या आपल्या कवीनं लिहून ठेवलं, 'दिल्ली झाली दीनवाणी, दिल्लीशाचे गेले पाणी, ताराबाई रामराणी, भद्रकाली कोपली.' रामराणी म्हणजे राजारामाची राणी. हे चार चरण आईला पाठ असतील बघ, विचारून पाहा.

पुढचा भाग आईचा. औरंगजेबानंतर संभाजी महाराजांचे चिरंजीव शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून सुटून आले, खेडच्या लढाईत ताराबाईच्या बाजूनं हार खाल्ली, 1710 मध्ये तिनं पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली. आज आपण जिला करवीरची गादी म्हणतो ती हीच. 1714 मध्ये सवतीनं, राजसबाईनं, उठाव करून आपला मुलगा संभाजी गादीवर बसवला आणि ताराबाईला मुलासकट कैदेत टाकलं. पुढं ती साताऱ्यात गेली, तिथंही नजरेखाली राहिली, शाहू महाराजांच्या माघारी म्हातारपणी पुन्हा राजकारणात उतरली आणि 1750 मध्ये खुद्द साताऱ्याच्या छत्रपतींना, रामराजाला, किल्ल्यात अडकवून पेशव्यांना घाम फोडला. 1761 मध्ये, पानिपत झालं त्याच वर्षी, ती गेली. वय 86. संगम माहुलीला तिची समाधी आहे.

कैद झाली, लेक डोळ्यांदेखत गेला, भाऊबंदकी जन्मभर पुरली, हे सगळं खरं. पण त्या घरातलं दुसरं कुठलं नाव सुखाचं निघतं ते सांग. जिजाऊंचा थोरला मुलगा लढाईत गेला. येसूबाई 1689 पासून 1719 पर्यंत मुघलांच्या ताब्यात होत्या, म्हणजे तब्बल तीस वर्षं. उलट जिनं ताराबाईला कोंडलं ती राजसबाई; आणि 'राजस' नाव आजही लोक हौसेनं ठेवतात, मुलालाही आणि मुलीलाही. भोसल्यांच्या घरात ज्या बायका आल्या त्यांच्या वाट्याला त्या शतकाचं राजकारण आलं. मोहित्यांनी पाळण्यात 'वाणी' म्हटलं असतं तरी आलंच असतं.

आणि एक गोष्ट आईला जरूर सांग. राजर्षी शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज, त्यांच्या राणीसाहेब बडोद्याच्या गायकवाडांच्या. त्यांचं इथलं नाव ताराबाईच. छत्रपतींच्या घराला पहिल्या ताराबाईचा सगळा इतिहास तोंडपाठ, तरी दोनशे वर्षांनी त्यांना हे नाव वर्ज्य वाटलं नाही.

गुरुजींचं आता. त्यांचे मुद्दे तीन आहेत, आणि मला त्यातला बृहस्पतीचा मुद्दा आवडला, कारण ती गोष्ट लोक अर्धीच सांगतात. चंद्रानं राजसूय केला, डोक्यात हवा गेली आणि त्यानं गुरूच्या बायकोला, तारेला, पळवून नेलं. 'गेली' नव्हे, विष्णुपुराणात तिला नेलीय. परत दे म्हटलं तर देईना. शुक्राचार्यांचं बृहस्पतीशी वाकडं, म्हणून ते चंद्राच्या बाजूला. मग देव एकीकडं, दैत्य दुसरीकडं आणि मोठी लढाई. ब्रह्मदेवानं मध्ये पडून तिला परत आणवलं तेव्हा ती गरोदर होती. मूल इतकं तेजस्वी निघालं की दोघेही पुरुष म्हणू लागले, माझं. देवांनी तिलाच विचारलं, बाप कोण? ती गप्प. भर सभेत बाईनं काय सांगायचं? शेवटी ब्रह्मदेवानं विचारल्यावर तिनं 'सोमाचा' एवढंच सांगितलं. ते पोर म्हणजे बुध. बुधाचा पुरूरवा आणि त्याच्यापुढं सगळा चंद्रवंश: यदू, पुरू, कौरव-पांडव, आपला श्रीकृष्ण. गुरुजी अष्टमीला ज्याचा पाळणा म्हणतात त्याच्या कुळाची मूळ आजी ही तारा आहे. तिचं नाव वाईट असेल तर मग गोकुळाष्टमीही जरा जपूनच करावी लागेल.

रामायणातली तारा मात्र कुणी काढली नाही, याचं वाईट वाटलं. वालीची बायको, अंगदाची आई. सुग्रीव एकदा मार खाऊन पळाला आणि लगेच परत येऊन दारात आव्हान द्यायला लागला. वाली तसाच उठून निघाला. तारेनं त्याला अडवलं. म्हणाली, आत्ताच मार खाल्लेला माणूस इतक्या लवकर परत येऊन गर्जना करतोय, म्हणजे त्याच्या पाठीशी कुणी तरी आहे. अंगदाच्या हेरांकडून कळलंय, अयोध्येचे दोन राजपुत्र त्याच्या बाजूला आहेत. भावाशी समेट करा. वालीनं ऐकलं नाही. पुढं काय झालं ते तुला माहीत आहे. पण मरताना त्यानं सुग्रीवाला जे सांगितलं ते फार थोड्या लोकांना माहीत असतं: ही सुषेणाची मुलगी बारीकसारीक गोष्टींचा निकाल लावण्यात निष्णात आहे, ही जे बरोबर म्हणेल ते शंका न घेता कर. आणि पावसाळा संपला तरी सुग्रीव हलेना म्हणून लक्ष्मण संतापून किष्किंधेत शिरला, तेव्हा त्याच्यासमोर जायची कुणाची छाती झाली नाही. सुग्रीवानं तारेलाच पुढं केलं आणि तिनं दोन शब्द बोलून त्याला शांत केलं. मला विचारशील तर वाल्मीकींच्या सगळ्या बायकांमध्ये व्यवहाराची जाण हिला सर्वांत जास्त. म्हणून तर 'अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा' म्हणत सकाळी जी पाच नावं घ्यायची त्यात ती आहे. गुरुजी स्वतः रोज ते नाव घेत असतील. तुमच्या गल्लीत जैन घर असेल तर त्यांच्या रामकथेतली तारा विचार. तिथं ती मुळात सुग्रीवाचीच बायको आहे, आणि एक तोतया सुग्रीवाचं रूप घेऊन तिच्यावर हक्क सांगायला येतो.

तिसरी तारामती, हरिश्चंद्राची. तिचं कोल्हापूरशी वेगळंच नातं आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये पहिला चित्रपट काढला तो हरिश्चंद्राचा, आणि तारामती व्हायला एकही बाई तयार होईना म्हणून अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवलं. पुढं 1932 मध्ये आपल्याच गावात प्रभात कंपनीनं तीच गोष्ट बोलपटात आणली, 'अयोध्येचा राजा'. त्यात तारामती झाल्या दुर्गा खोटे, चांगल्या घरातल्या शिकलेल्या बाई. तोवर पडद्यावर जाणं म्हणजे घराण्याची अब्रू जाणं होतं. तारामतीच्या निमित्तानं कोल्हापुरात ते थोडं बदललं. प्रभात पुढच्याच वर्षी पुण्याला गेली, हे आम्ही कोल्हापूरकर अजून विसरलेलो नाही, पण तो विषय इथं नको.

नक्षत्राच्या नावाचं शास्त्र गुरुजींनी पदरचं सांगितलेलं नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे: नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी, साप यांच्या नावाची मुलगी करू नये. ते लग्नाच्या मुलीबद्दल आहे, पण त्यावरूनच लोक पुढं नावही ठेवू नये म्हणतात. हा नियम खरा धरला तर गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा गेल्या, तुळसा गेली, रेवती, रोहिणी, स्वाती गेल्या, मैना आणि साळू गेल्या. निम्म्या महाराष्ट्राची लग्नं मोडतील. त्याच ग्रंथात दुसऱ्या अध्यायात मुलीचं नाव कसं असावं तेही दिलंय: उच्चारायला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, मनाला आवडणारं, मंगल, शेवटी दीर्घ स्वर. तारा यात चपखल बसते. पारस्कर गृह्यसूत्र म्हणतं, मुलीच्या नावात अक्षरं विषम असावीत आणि शेवटी आकार असावा. इथं मात्र तारा नापास, कारण अक्षरं दोन. पण मग सीता, राधा, रमा, उमा, गंगा सगळ्याच नापास, आणि गुरुजींच्या 'व'वरची 'वाणी' तर अक्षरातही नापास आणि आकारातही. शास्त्र उघडायचंच तर सगळी पानं उघडावी लागतात. शिवाय हे शाहू महाराजांचं गाव. ज्या गावानं वेदोक्ताच्या प्रकरणात एवढं मोठं भांडण अंगावर घेतलं, तिथं पाळण्यातल्या पोरीच्या नावासाठी मनू मध्ये आणायची गरज नव्हती.

तारा अशुभ असती तर लग्नात तिचं बळ कशाला मोजलं असतं? 'तदेव लग्नं सुदिनं तदेव, ताराबलं चंद्रबलं तदेव' हे म्हटल्याशिवाय आपल्याकडं अंतरपाट बाजूला होत नाही. आईच्या लग्नातही ते म्हटलं गेलं असणार. त्या घाईच्या वेळी भटजींचं ताराबलं-ताराबलं ऐकूनच मराठीत 'तारांबळ' शब्द आला असं सांगतात. दादाला एवढं मात्र बजाव, शाळेत पोरीला कुणी ना कुणी तारांबळ म्हणणारच. त्याहून वाईट चिडवणं या नावावरून मला तरी सुचत नाही, आणि हा एका नावाचा फार मोठा गुण आहे.

'व'चा प्रश्न सोपा आहे. नामकरणात बाळाला एकच नाव ठेवतात हा आपला गैरसमज. विधीत चार असतात: कुलदेवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक आणि चौथं व्यवहाराचं, हाक मारायचं. रोहिणीचं 'वा' किंवा 'वी' तिसऱ्या नावाला लागतं. तेव्हा गुरुजींना म्हण, नाक्षत्रनाम वाणी घाला, व्यवहारनाम तारा. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनं नाव लिहितात, तेव्हा 'वाणी' लिहायला अंगठी आईच्या हातात दे. कुठंही शास्त्र मोडत नाही आणि आईनं सुचवलेलं नावही पत्रिकेत कायमचं राहतं.

काकांना काय सांगायचं? तारा इंग्लिश नाही, पण त्यांना कुठून तसं वाटलं ते समजतं. डब्लिनच्या वायव्येला मीथ परगण्यात तारा नावाची टेकडी आहे, आयर्लंडच्या जुन्या राजांचं मानाचं ठिकाण. तिचं आयरिश नाव वेगळं, तेवर किंवा तावर असं काहीसं ऐकू येतं, इंग्रजीत त्याचं तारा झालं. 'गॉन विथ द विंड' या 1936 च्या अमेरिकन कादंबरीत एका आयरिश माणसाच्या मळ्याला त्या टेकडीचं नाव आहे. 1939 मध्ये त्यावर सिनेमा आला, आणि नंतर इंग्रजी बोलणाऱ्या देशांत मुलींची नावं तारा ठेवायची पद्धत पसरली. आपल्या तारेशी त्याचा काही संबंध नाही, आवाज तेवढा जुळला. दादानं नाव तिकडून आणलं असेल तरी ते आधीपासून आपल्याच फडताळात होतं. आणि पोरीला डब्लिनच्या शाळेत बाई पहिल्या दिवशी नीट हाक मारतील, ही काही छोटी सोय नाही. आपल्या ज्ञानेश्वरी नावाच्या पोरींना तिकडं काय काय म्हणतात ते कुणाला तरी विचारून बघ.

खरं तर हे नाव बाहेरून आत येण्यापेक्षा आतून बाहेर फार गेलंय. बौद्धांची तारा ही देवी भक्ताला आठ भयांतून सोडवते: सिंह, हत्ती, आग, साप, चोर, बेडी अशी ती भयं. संस्कृतात तृ धातू म्हणजे तरून जाणं, त्यावरून तारणारी ती तारा. आकाशातल्या चांदणीचा अर्थ तिच्या बाजूनं चालतोच. वेरूळला आणि औरंगाबादच्या लेण्यांत तिच्या मूर्ती आहेत. जावा बेटावर कलसन इथं 778 मधला शिलालेख आहे, त्यात तारेचं देऊळ बांधल्याची नोंद आहे. तिबेटात तिला डोल्मा म्हणतात, आणि तिकडं मुलीचं नाव डोल्मा ठेवणं आपल्याकडच्या लक्ष्मीइतकं सर्रास. बंगालात दशमहाविद्यांमध्ये कालीनंतर तारा येते, बीरभूममध्ये तारापीठ आहे. सिमल्याला जाताना छोट्या गाडीला तारादेवी नावाचं स्टेशन लागतं, वर डोंगरावर देऊळ. बेडीतून सोडवणारी देवी आणि जन्मभर बेडी चुकवत लढलेली राणी, दोघींचं एकच नाव. आई कैदेचं म्हणाली म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

माणसांतल्या ताराही थोड्या नाहीत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत बायकांनाच नावं ठेवणं चाललं होतं, त्यावर ही बाई अशी उसळली की अजून वाचताना चटका बसतो. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या काढल्या, अंगणवाडीची कल्पना तिथली; 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. आणि आपल्या शेजारच्या सांगलीच्या तारा भवाळकर, लोकसंस्कृतीच्या अभ्यासक, 2025 च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या.

एवढं सगळं लिहिलं, पण हे घेऊन तू आईसमोर जाऊ नकोस. तिला पुराणातली तारा नडत नाहीये.

तुझ्या पत्रात तू एका ओळीत थोरल्या मावशीचा उल्लेख केलास आणि पुढं गेलीस. माझं लक्ष तिथंच थांबलं. आईची सख्खी मोठी बहीण, तिचं नाव तारा, लग्नानंतर लवकर वारली, आणि घरात कुणी बोलत नाही. काय झालं होतं, आजारपण, बाळंतपण की सासरचं काही, हे तुला ठाऊक नाही असं दिसतं, आणि बहुतेक दादालाही नसावं. 'तारा नावाच्या बायका सुखी होत नाहीत' हे वाक्य आई ताराराणींबद्दल बोलत नाहीये. तिनं एकच तारा जवळून पाहिलीय. गुरुजींचं शास्त्र आणि कैदेचा इतिहास तिला हाताला लागला म्हणून तिनं पुढं केला, कारण बहिणीबद्दल बोलायची त्या घरात सवय राहिलेली नाही.

तेव्हा रविवारच्या आत एक दुपार काढ. वहिनीला आणि काकांना सोबत घेऊ नकोस. नावाचा विषयच काढू नकोस. फक्त विचार, आई, तारामावशी कशी होती गं? दिसायला कशी, काय खायला आवडायचं, शाळेत कितवीपर्यंत होती, तुम्ही दोघी भांडत होता का? आई पहिल्यांदा उठून जाईल, जाऊ दे. दुसऱ्या दिवशी परत विचार. ती बोलली तर ऐक, आणि ते ऐकलेलं दादा-वहिनीला तिच्या परवानगीनं सांग. त्यांना कळलं पाहिजे की ते कुणाचं नाव ठेवतायत. वहिनीला आज सासू आडमुठी वाटते. गोष्ट कळली तर कदाचित तसं वाटणार नाही.

मग तीन गोष्टी होऊ शकतात. आईच म्हणेल, ठेवा तिचं नाव. ताराबाईनं नाही का आपल्या मुलाला सासऱ्यांचं नाव, शिवाजी, दिलं? गेलेल्या माणसाचं नाव पाळण्यात परत आणणं आपल्यात नवं नाही. किंवा आई म्हणेल, ठेवा, पण मला तोंडानं घेता येणार नाही. तर तिनं नातीला चिमणी म्हणावं, सोनी म्हणावं, वाणी म्हणावं, कोल्हापुरात कुठल्या पोरीला घरात खऱ्या नावानं हाक मारतात? किंवा सगळं ऐकून वहिनीलाच वाटेल, दुसरं नाव बघू. तेही चालेल, फक्त ते तिला आपणहून वाटलं पाहिजे. आणि यातलं काहीच झालं नाही, आई 'नाही' वरच राहिली, तर नाव आईबापांचंच. तू कुर्र करून 'तारा' म्हण. आई त्या दिवशी रुसेल. नात मांडीवर असताना फार दिवस रुसता येत नाही.

नोंदणीचं थोडं. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण त्यात नावाचा रकाना लगेच भरलाच पाहिजे असं नाही. नाव बारा महिन्यांच्या आत फी न देता घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणून घरातली धुसफूस मिटायच्या आधी घाईनं महापालिकेत जाऊ नका. एकदा चढलेलं नाव बदलणं फार कटकटीचं. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. म्हणजे कागदावर तारेच्या शेजारी पहिलं नाव वहिनीचं येणार. हे वहिनीला सांग, बाळंतिणीला तेवढंच बरं वाटेल. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्या अक्षरानंतर एकच 'ए' ठेवा. कुणी अंकशास्त्रवाला दोन 'ए' लावा म्हणून सांगत येईल. त्याला दादाकडं पाठव, कारण पासपोर्ट, व्हिसा आणि डब्लिनच्या शाळेचा फॉर्म, सगळीकडं तो जादा 'ए' दादालाच जन्मभर सांभाळावा लागेल.

— मावशी